मागाच्या चालीवर दोनशे फूट

नाशिकला निघालो आहे असं सांगितलं की मिरजेत जो तो आवाज खाली आणून विचारी, "कोण गेलं हो?" आमच्याकडून नाशिकला माणूस जातो तो अस्थी घेऊन, नाहीतर त्र्यंबकला काही विधी करायला. माझ्या काखेत मात्र एक लाकडी पेटी होती. तिच्यात हातानं फिरवायचा सिनेमाचा कॅमेरा होता आणि पिशवीत पत्र्याच्या डब्यात दोनशे फूट कोरी फिल्म. मी कुणाचे दिवस करायला चाललो नव्हतो हे सांगितलं तरी लोकांना पटत नसे. आमच्या शेजारचे तंबोरे करणारे काका तर स्टेशनापर्यंत पोचवायला आले आणि गाडी सुटताना म्हणाले, "जे झालं ते झालं, मन घट्ट कर."

माझा मिरजेत फोटोचा स्टुडिओ आहे. नवरा खुर्चीत, नवरी शेजारी उभी, मागं रंगवलेला तलाव, असे फोटो मी सहा वर्षं काढत होतो. "हलू नका" हे दोन शब्द मी दिवसातून इतक्यांदा म्हणे की बायको म्हणायची, तुम्ही झोपेतही कुणाला तरी दम देत असता. मला हलणारी माणसं हवी होती. चालणारी, पाणी भरणारी, हसताना पदर सावरणारी. त्या ओढीनं मी कोल्हापूरच्या एका सिनेमा कंपनीच्या मालकांकडे चार वेळा जाऊन आलो. बोलपट नुकते आले होते, पण या मालकांचे मूकपट अजून गावोगाव चालत आणि त्यांना कॅमेऱ्यावर माणूस हवा होता. चौथ्या खेपेला ते कंटाळले असावेत. त्यांनी एक जुना कॅमेरा आणि तो डबा समोर ठेवला. "विषय कुठलाही चालेल. मला फक्त तुमचा हात बघायचाय. हात एकसारखा चालला असला तर उद्यापासून कामावर या. नसला तर पाचव्यांदा येऊ नका."

दोनशे फूट म्हणजे साडेतीन मिनिटंसुद्धा नाहीत. आणि दुसरा डबा मिळणार नव्हता.

नाशिक

नाशिक रोडला उतरलो तेव्हा सकाळ होती आणि मार्गशीर्षातलं धुकं होतं. टांगा गावाकडे निघाला आणि मला वाटायला लागलं की आपण कुठं जात नाही, गावच हळूहळू आपल्याकडे येतंय. आधी नुसती घंटा आली. मग फुलांच्या पाट्या डोक्यावर घेतलेल्या बायका धुक्यातून एकेक करून बाहेर आल्या आणि परत धुक्यात गेल्या. मग एकदम पायऱ्या लागल्या आणि पायऱ्यांखाली नदी. इथले लोक गोदावरीला गंगाच म्हणतात. टांगेवाल्याला मी "गोदावरीवर ने" म्हटलं तर त्यानं मागं वळून बघितलं आणि विचारलं, "पाव्हणे, पयल्यांदाच आलात वाटतं?"

ज्यांच्याकडे मी हात शिकायला आलो होतो त्या नाना गायधनींचं घर नदीपासून दोन बोळ आत. घराणं घाटावरच्या उपाध्यायांचं. नानांनी मात्र तरुणपणी पोथी भावाच्या हवाली केली आणि कॅमेरा धरला. वीस वर्षं मूकपट काढले. ज्या कंपनीत होते ती बंद पडल्यावर ते घरी बसले, आणि आता माझ्यासारखा कुणी चिठ्ठी घेऊन आला तर त्याला चार दिवस शिकवतात. साठीचे, बारीक, कानात भिकबाळी. मी नमस्कार केला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. माझा उजवा हात धरून मनगट खालीवर हलवून पाहिलं, बैल घेणारा खूर पाहतो तसं.

"दळण दळता का घरी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"दळायला पाहिजे होतं."

ज्यांना या धंद्यात यायचं आहे त्यांच्यासाठी नानांची शाळा जरा सविस्तर सांगतो. कॅमेऱ्याचं हँडल एकदा फिरलं की आठ चित्रं निघतात. सेकंदाला सोळा हवीत, म्हणजे सेकंदाला दोन फेरे, ना कमी ना जास्त. हात मंदावला तर चित्रं कमी निघतात, आणि पडद्यावर माणसं माकडासारखी पळतात. हात जलद झाला तर तीच माणसं पाण्यात चालल्यासारखी संथ होतात. म्हणजे उलटा हिशेब. हे एवढं डोक्यात बसायला मला अर्धा दिवस लागला आणि नानांनी तो लागू दिला.

घड्याळाकडे बघत फिरवायचं नाही, कारण डोळा दृश्यावर हवा. मग मोजायचं कसं? नाना पावकीवर मोजायचे. शाळेत आपण घोकतो तीच, पण त्यांनी ती हँडलला जुंपली होती. एका फेऱ्याला पाव, दुसऱ्याला अर्धा, मग पाऊण, मग एक. सव्वा, दीड, पावणेदोन, दोन. "शंभराला पोचलात की दोनशे फूट संपले," नाना म्हणाले. मी बोटांवर करून पाहिलं. अगदी बरोबर येतं. खोट एवढीच की 'पावणे' हा शब्द लांब आहे, त्यामुळे नवशिक्याचा हात दर चौथ्या फेऱ्याच्या आधी जरा अडखळतो. माझा पावणेसतराला हटकून अडखळे. त्यावर उपाय म्हणून नाना तो शब्द अर्धा गिळायचे.

आणि वर पाण्याची वाटी. कॅमेऱ्याच्या डोक्यावर काठोकाठ भरलेली वाटी ठेवायची आणि रिकामं हँडल फिरवायचं. पाणी हललं की परत पाव. पहिल्या दिवशी मी काकूंच्या तीन वाट्या फोडल्या. काकू म्हणजे नानांच्या पत्नी. त्यांनी चौथ्या वेळेला पितळेची वाटी आणून ठेवली.

काकूंच्या हातचं जेवण मी विसरणार नाही. आमच्याकडे तिखट म्हणजे तिखट, पहिल्या घासाला डोळ्यांत पाणी आणतं. इथला काळा मसाला घासभर गप्प बसतो आणि मग बोलायला लागतो. बाजरीची भाकरी मला आधी जड वाटली. दुसऱ्या दिवशी थंडीत चुलीपाशी बसून, वर लोण्याचा गोळा घेऊन खाल्ली, तेव्हा ज्वारीशी प्रतारणा होते आहे असं वाटूनही मी तिसरी मागितली.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला घाटावर पाठवलं. लोकांत उभं राहून हात चालतो का ते बघायला. कॅमेरा रिकामाच होता. धुकं उतरत होतं, पलीकडची देवळं अर्धी दिसत होती, आणि मी स्वप्नात असल्यासारखा पाव, अर्धा, पाऊण करत होतो. थोड्या वेळानं जाणवलं की पेठ गावाकडून आलेल्या बायकांचा एक घोळका माझ्यापुढं मांडी घालून बसला आहे. त्या बराच वेळ वाट बघत होत्या. शेवटी त्यातली थोरली उठली आणि पेटीला कान लावून म्हणाली, "कवाधरनं फिरवतो हा, पण गाणं काय येत नाय." मी म्हटलं, बिघडलंय. तिला माझी दया आली आणि तिनं मला दोन बोरं दिली.

संध्याकाळी मी नानांना म्हटलं की घाटच घेतो. धुकं, पायऱ्या, दिवे. नानांनी मान हलवली. "घाट सगळेच घेतात. आणि धुक्यात हात कसा चाललाय ते कळत नाही, म्हणून तुम्हाला तो आवडतोय. तुमच्या मालकाला हात बघायचाय ना? मग ज्यात काही एकसारखं चालतंय असं घ्या." त्यांनी येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्याला कार्ड टाकलं. नाव उस्मानभाई. "त्याचा माग म्हणजे घड्याळ आहे," नाना म्हणाले.

येवला

येवल्याला मनमाडवरून जावं लागतं. मनमाडच्या धुरातून सुटून गाडी दक्षिणेला वळली की माळरान लागतं, मध्येच कांद्याचे हिरवे वाफे, आणि वर आभाळ इतकं मोठं की आपण उगीच हळू बोलायला लागतो.

येवल्याचा माझ्या मनातला पहिला ठसा आवाजाचा आहे. मिरजेत आमच्या गल्लीत दिवसभर तारा जुळवल्याचे सूर येतात. एक काका षड्ज लावतात तोवर पलीकडचे पंचम छेडतात. इथं घराघरातून लाकडावर लाकूड पडल्याचा ठोका येतो, खट्, आणि पुन्हा खट्. एका घराचा ठोका दुसऱ्याशी जुळत नाही. पण बोळातून चालत गेलं की सगळे मिळून आपल्या चालण्याशी जुळवून घेतात. मी पेटी घेऊन चाललो होतो आणि मला वाटत होतं की मला कुणीतरी चालवतंय.

उस्मानभाई दारातच उभे होते. पन्नाशीचे, दाढी मेंदीनं लाल, उजवा खांदा डाव्यापेक्षा जरा खाली. "या भाऊ, नानांचा कागद आला व्हता. ह्या पेटीत आख्खा माग मावंल का माझा?"

माग खोलीच्या एका बाजूला, जमिनीत खड्डा करून बसवलेला. विणणारा खड्ड्यात पाय सोडून बसतो. जांभळ्या रेशमाचं अंग चालू होतं, पदराचे मोर अजून लांब होते. डाव्या कोपऱ्यात, भिंतीशी, त्यांच्या पत्नी जैनबभाभी रहाटावर कांड्या भरत बसत. मागाच्या धोट्यात जो दोरा लागतो तो या कांड्यांवरचा. मी आत गेलो तशा त्यांनी पदर पुढं ओढला आणि त्या उठायला लागल्या. मी म्हटलं, "भाभी, तुम्ही बसा. रहाटही हवाय मला."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "मी बी येणार त्याच्यात?"

"येऊ दे की," उस्मानभाई म्हणाले. "नायतरी तीस वर्सं तिथंच बसलीय."

अडचण उजेडाची होती. डोळ्याला ती खोली पुरेशी उजळ होती, फिल्मला मात्र विहिरीचा तळ. नानांनी सांगून ठेवलं होतं: छप्पर उघडा. उस्मानभाई आपणहून वर चढले आणि मागावरची दहा-बारा कौलं काढली. उन्हाचा एक चौकोन रेशमावर येऊन बसला. भाभींच्या कोपऱ्यापर्यंत तो पोचेना, म्हणून शेजारपाजारचे आरसे गोळा झाले. एक तर कुणाच्या तरी लग्नातला, वर मोरांची जोडी असलेला. शेजारच्या दोघा बाप्यांनी आरसे हातात धरले, पण हातातला आरसा श्वासाबरोबर हलतो आणि भिंतीवर ऊन थरथरायला लागतं. मग आम्ही ते विटांना टेकवून चिखलानं पक्के केले. भाभींचे डोळे दिपत होते, तर आरशावर मलमलचा एक पदर टाकला. हे सगळं होईतो दुपार झाली. ते ऊन मऊ होऊन रहाटावर पडलं, दोऱ्यातली जरतार अधूनमधून लकाकली, आणि सगळी खोली जणू पाण्याखाली गेली. मी सहा वर्षं फोटो काढले, पण असा उजेड मी पाहिला नव्हता.

उस्मानभाई खड्ड्यात बसले. बसताना त्यांनी खांदा दोनदा चोळला. "थंडीत धरतो जरा," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, "मागच्या लुगड्याला शेठ बोलला, अंग कुठं घट, कुठं इरळ आलं म्हनून. पुढलं काम दुसऱ्याला देतो म्हन्तोय. माझा हात असा नव्हता कवा, भाऊ."

मी हो म्हटलं आणि कॅमेऱ्याला डोळा लावला. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला त्यांच्या हाताची नाही, माझ्याच हाताची काळजी होती.

पाव, अर्धा, पाऊण, एक. धोटा इकडून तिकडे गेला, फणी आपटली, खट्. सव्वा, दीड. भाभींचा रहाट कोपऱ्यात गरगरत होता. किती वेळ मी मोजत होतो ते आठवत नाही. एवढं आठवतं की कधीतरी आकडे संपले आणि नुसता ठोका उरला. शेवटी पेटी पुढं सरकवून नुसता माग घेतला, तेव्हाही तोच ठोका होता. हात आपोआप फिरत होता. माझ्या दंडाला मुळी कष्टच नव्हते. आयुष्यात इतकं सोपं मला काहीच वाटलं नव्हतं. चार दिवस ज्याला घाबरत होतो ते हेच का, असं वाटलं, आणि आतून 'टक्' असा आवाज आला. फिल्म संपली होती.

"झालं?" उस्मानभाईंनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं. मी इतका खूश होतो की त्यांच्या घरचा चहा मी तीन पेले प्यालो.

पुन्हा नाशिक

नानांच्या मधल्या खोलीत काळं कापड लावून आम्ही फिल्म धुतली. तांबड्या काचेचा दिवा, लाकडी चौकटीवर गुंडाळलेली फिल्म, आणि काकूंच्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी औषधाच्या बरण्या. द्रावणातून हळूहळू रेषा वर आल्या. आधी मागाचं लाकूड, मग खांदा, मग कोपऱ्यातला रहाट. कुणीतरी आठवण काढावी तसं एकेक उमटत होतं. नानांकडे छापायची थोडी फिल्म शिल्लक होती, तिच्यावर ती उतरवून घेतली. दुसऱ्या दिवशी खिडक्या बंद करून त्यांनी भिंतीवर चालवली.

माग सुरू झाला. धोटा, फणी, धोटा, फणी. इतका एकसारखा की मी श्वास सोडला. मग नाना म्हणाले, "कोपऱ्यात बघा."

कोपऱ्यात जैनबभाभी वेड्यासारख्या पळत होत्या. जागेवर बसूनच, पण हात नुसते भिरभिरत होते आणि रहाट दिसेनासा झाला होता. मग त्या एकाएकी संथ झाल्या, झोपेत असल्यासारख्या. मग पुन्हा पळाल्या. आणि दर वेळी पळायला लागल्या की खोलीतलं ऊनही वाढत होतं.

नानांनी यंत्र बंद केलं. "उस्मानचा हात मध्ये मध्ये मंदावत होता का?"

"खांदा दुखत होता त्यांचा."

"तो मंदावला की तुम्ही मंदावलात. तो सावरला की तुम्ही सावरलात. म्हणून माग सरळ दिसतो आणि बाकी जग वेडंवाकडं." "हळू फिरवलं की चित्राला जास्त ऊन लागतं. म्हणून खोली उजळते. तुम्ही पावकी सोडून त्याचा ठोका धरलात."

मला तोंड लपवावंसं वाटलं. एकच डबा होता, आणि तो मी दुसऱ्याच्या तालावर नाचण्यात घालवला होता.

नानांनी कात्री काढली. "माझं ऐका. शेवटी तुम्ही पुढं सरकून नुसता माग घेतलाय, त्यात बाई नाही. तेवढे सत्तर फूट ठेवा. तुमच्या मालकाला कळायचं नाही. मागावरून कुणीच ओळखू शकणार नाही." त्यांच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता. त्यांना खरोखरच मला काम मिळावं असं वाटत होतं. मी कात्री घेतली, पिशवीत टाकली, आणि म्हटलं की जाताना येवल्याला उतरून त्या दोघांना आधी पुरती दाखवीन. मग कापीन.

परतीच्या वाटेवर

कोल्हापूरचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला त्यात अडकायला नको. मी फिल्म कापली नाही. मालकांनी ती निम्मी बघितली, दिवा लावायला सांगितलं आणि म्हणाले, "तुमचा हात ऐकतो. कॅमेऱ्यावरचा हात बहिरा पाहिजे." फिल्म त्यांची होती, ती त्यांनी ठेवून घेतली. मी पाचव्यांदा गेलो नाही. जिना उतरताना मला रडू आलं, ते काही मी लपवत नाही. मिरजेत मी पुन्हा लोकांना हलू नका म्हणून सांगतो आहे.

पण येवल्याला मी उतरलो तेव्हा हे काही ठरलेलं नव्हतं. सकाळचे दहा वाजले असतील. नानांनी सिनेमा दाखवायची छोटी पेटी दिली होती आणि एक युक्ती. दिवा नसला तर सूर्य. छपरातल्या भोकातून येणारं ऊन आरशावर घ्यायचं, आरशातून पेटीच्या पाठीत सोडायचं. फक्त हँडल थांबू द्यायचं नाही, नाहीतर तेच ऊन फिल्म जाळतं. उस्मानभाईंनी एक कौल काढलं, दारं लावली. समोर भाभींनी पांढरी चादर धरून खिळ्यांना बांधली. मी या वेळी पावकी तोंडातल्या तोंडात घट्ट धरून ठेवली.

चादरीवर त्यांचीच खोली आली. खोलीत खोली. उस्मानभाई आपल्याच मागाशेजारी उभे राहून आपल्याला विणताना बघत होते. भाभी स्वतःला पळताना बघून आधी दचकल्या आणि मग पदराचा बोळा तोंडात धरून इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "या अल्ला, कुठं चाल्ले मी एवढी!"

उस्मानभाई हसले नाहीत. फिल्म संपली तरी ते चादरीकडेच बघत होते. मग माझा हात धरून म्हणाले, "बघितलं भाऊ? कुठं हाय घट, कुठं हाय इरळ? हात हाय का नाय घड्याळावानी? मी शेठला बोलावून आनतो. तुमी त्येला एकदा दाखवा. त्यानं डोळ्यानं बघू दे." त्यांचे डोळे भरले होते. ते चपला घालायला लागले.

मी गप्प राहिलो असतो तर काय झालं असतं? शेठ आला असता, मागाचा सरळ ठोका बघून गेला असता. कदाचित काम परत मिळालं असतं, आणि पुढच्या लुगड्याला पुन्हा तीच बोलणी. आणि सांगायचं म्हणजे आधी माझा हात खोटा ठरला हे कबूल करायचं. मला ते फार जड गेलं. पण त्या माणसानं माझ्यासाठी आपलं छप्पर उघडलं होतं.

"उस्मानभाई, थांबा," मी म्हटलं. "मी पुन्हा चालवतो. या वेळी मागाकडे बघू नका. रहाटाकडे बघा."

मी पुन्हा चालवली. भाभी पुन्हा पळाल्या, संथ झाल्या, पळाल्या. या खेपेला त्याही हसल्या नाहीत.

"हिचा रहाट असा कवाच चालत नाय," उस्मानभाई सावकाश म्हणाले. "तीस वर्सं ऐकतोय मी. एका चालीत असतो. मग हितं पळतोय का?"

"तो पळत नाही. तुमचा खांदा धरला तिथं तुमचा माग मंदावला, आणि त्याच्याबरोबर माझा हात मंदावला. मला कळलंच नाही. हँडल मंदावलं की चादरीवर सगळं जलद दिसतं. माग तेवढा सरळ दिसतो, कारण मी त्याच्याबरोबर होतो." "चूक माझी आहे. माझं कामही जाईल यात."

मला वाटलं उस्मानभाई रागावले. त्यांनी भिंतीवरची चादर एका खिळ्यावरून सोडली, अर्धी खाली आली. मग खांदा धरून ते मागाकडे बघत राहिले, आणि तिथून कोपऱ्यातल्या रहाटाकडे.

"म्हंजे या खोलीत तीन हात चालले व्हते," ते म्हणाले. "माझा चुकला. तुमचा माझ्यासंगं चुकला. सरळ चालला तो एकच."

भाभी चादरीची घडी घालत होत्या. त्यांच्या लक्षात आलं नाही की त्यांच्याबद्दल बोलणं चाललंय.

"जैनब," ते म्हणाले, "जरा इधर बैठ." आणि त्यांनी मागाच्या खड्ड्याकडे बोट दाखवलं.

त्या घाबरल्या. त्यांच्या घरात बाईनं त्या खड्ड्यात पाय टाकला नव्हता. सासूनं नाही, तिच्या सासूनं नाही. "मैं? नको. लोक काय म्हन्तील? मोर मला जमायचा नाय."

"मोर म्या सांगन. बसून बघतीस तीस वर्सं, तुला म्हाईत नसंल व्हय? तू फक्त हात चालव."

त्या बसल्या. दोन्ही पाय एकदम आत न टाकता, आधी एक, मग थांबून दुसरा, थंड पाण्यात उतरावं तशा. धोटा हातात घेऊन त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पहिला ठोका हलका पडला. दुसरा जोरात पडला आणि त्या स्वतःच दचकल्या. नंतर दहा-बारा ठोके कसेही गेले. मग ते बसायला लागले. छपरातून येणारं ऊन जांभळ्या रेशमावर होतं, बाहेरच्या बोळातले माग चालूच होते, आणि त्या सगळ्यांत हा एक नवा ठोका, ना कमी ना जास्त. उस्मानभाई खांबाला टेकून डोळे मिटून ऐकत होते. त्यांचा चेहरा मी सांगू शकत नाही. त्यात दुःख होतं, आणि दुसरंही काही होतं.

मग ते कोपऱ्यात गेले. गुडघे मोडून रहाटापुढं बसले, कांडी लावली, दोरा धरला आणि चाक फिरवलं. दोरा तटकन् तुटला. त्यांनी तो जोडला, पुन्हा फिरवलं. पुन्हा तुटला.

"हळू," भाभी मागं न बघता म्हणाल्या.